सात वर्षांच्या मुलाचे दात एकदा दाखवून आणा

मंगनीची बोलणी सुरू झाली की घरात मुलीच्या दातांचा विषय निघतो. मग अम्मी विशीतल्या मुलीला घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे जाते आणि विचारते, “निकाहच्या आत तारा लावून होईल का?” दात त्या वयातही सरकतात, पण त्याला साधारण दीड-दोन वर्षे लागतात. जबड्याची वाढ मात्र तोवर थांबलेली असते. खोट जबड्यात असेल तर तारांनी भागत नाही, कधीकधी शस्त्रक्रियेवर जावे लागते. हीच मुलगी आठ-दहा वर्षांची असताना एकदा दाखवली असती, तर वाढत्या हाडाला वळण लावता आले असते. मुलींची वाढ मुलांच्या दोनेक वर्षे आधी पुरी होते, म्हणून त्यांच्या बाबतीत वेळ आणखी कमी असतो.

वर्गात दिवसभर मुलांची तोंडे पाहणे हा आम्हा शिक्षकांचा धंदाच आहे. आष्ट्यात उर्दू आणि मराठी शिकवताना आम्हाला दात आधी दिसत नाहीत, ऐकू येतात. ‘सीन’ म्हणताना जीभ दातांच्या आत राहायला हवी. ‘से’ हे अक्षर कुरआनच्या तिलावतीत म्हणताना जिभेचे टोक वरच्या पटाशीच्या दातांच्या कडेला टेकते. बोलताना आपण उर्दूत दोन्हींचा ‘स’च करतो, पण तिलावतीत फरक लागतो. ज्या मुलाचे वरचे-खालचे पुढचे दात मिटल्यावरही एकमेकांना भेटत नाहीत, त्याची जीभ फटीतून बाहेर येते आणि त्याचा ‘सीन’ ‘से’सारखा निघतो. अशा मुलाला रागावून उपयोग नाही. तो अंगठा चोखतो का, हे आधी घरी विचारावे.

तीन-चार वर्षांपर्यंत अंगठा चोखण्याची फार चिंता नको. पण सहाव्या वर्षी कायमचे दात येऊ लागल्यावरही सवय राहिली, तर वरचे दात पुढे येतात आणि टाळू अरुंद होते. अंगठ्याला मिरची किंवा कडुनिंब लावण्याचा नानीचा उपाय आम्हाला पसंत नाही. मूल दुखावते आणि लपून चोखते. सवय सुटतच नसेल तर डॉक्टर टाळूला बसणारे साधन देतात.

तोंड उघडे ठेवून झोपणारे, घोरणारे मूल आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. नाकामागच्या गाठी वाढल्याने श्वास अडत असेल तर नुसत्या तारांनी काय होणार?

आता सर्वांत महागात पडणारे वाक्य: “दुधाचाच दात आहे, पडायचाच आहे.” मागची दुधाची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायची असते, कारण ती खालून येणाऱ्या दाताची जागा राखून असते. ती किडून सातव्या वर्षी काढावी लागली, तर मागची दाढ पुढे कलते आणि नवा दात वाट न मिळाल्याने वेडावाकडा येतो किंवा आतच अडकतो. म्हणून दाढ लवकर काढलीच, तर तिथे जागा राखणारे साधे कडे बसवता येईल का, हे त्याच दिवशी विचारावे. पुढे कलणारी ती दाढ म्हणजे सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, ती सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप उगवते. त्यामुळे अनेक घरांत ती दुधाचीच समजून किडू दिली जाते. अशा चार दाढा असतात. आजच मुलाला उजेडात उभे करून पाहा.

उलट काही गोष्टींत उगाच घाबरले जाते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वरच्या दोन दातांमध्ये फट असते, ती पुष्कळदा अकरा-बारा वर्षांपर्यंत सुळे उतरले की आपोआप मिटते. खालचे नवे दात दुधाच्या दातांच्या मागून उगवले, तर दुधाचे पडल्यावर जीभ त्यांना हळूहळू पुढे ढकलते. पण मूल दात मिटते तेव्हा खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, तर थांबू नये.

अमेरिकेतील दंतवक्रता तज्ज्ञांची संघटना सातव्या वर्षापर्यंत एकदा तपासणी करावी असे सांगते. तपासणी म्हणजे लगेच तारा नव्हेत. बहुतेक मुलांना ‘वाट पाहू’ एवढेच सांगितले जाते. वरचे दात पुढे असलेल्या मुलांचे अभ्यास झाले आहेत. लहानपणी एकदा आणि मोठेपणी पुन्हा अशी दोनदा उपचार केलेली मुले, मोठेपणी एकदाच उपचार केलेल्या मुलांपेक्षा शेवटी फार वेगळी दिसत नाहीत. फायदा एकच ठळक दिसला: पडझडीत पुढचे दात मोडण्याचे प्रमाण कमी झाले. तेव्हा कोणी आठ वर्षांच्या मुलाला घाईने महागडा उपचार सांगितला, तर “आत्ता न केल्यास नेमके काय बिघडेल?” हे विचारायला संकोच करू नका.

खेळताना कायमचा दात मुळासकट निखळला, तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरावा, दुधाच्या पेल्यात टाकावा आणि अर्ध्या तासात डॉक्टर गाठावा. तो पुन्हा बसू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

काही घरांत आम्हाला विचारले जाते, ही अल्लाहच्या घडणीत ढवळाढवळ तर नाही? हदीसमध्ये शोभेसाठी दात कोरून फटी पाडण्याला मनाई आहे. चावता येत नाही, ओठ मिटत नाहीत, अशा दोषावरचा इलाज वेगळा, असा फरक उलेमा करतात. शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे, पण डॉक्टरांचे म्हणणे ऐकून मग विचारावे.

खर्चाची धास्ती खरी आहे. आपल्या बाजूला सांगलीत भारती विद्यापीठाचे, कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचे आणि कराडला कृष्णा विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकणारे डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खासगी दवाखान्यापेक्षा खर्च साधारण कमी येतो, फेऱ्या मात्र जास्त होतात. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा येते. ही योजना फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झाली. पथक दातांची कीड पाहते आणि फाटलेला ओठ किंवा टाळू असलेली मुले पुढे पाठवते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि पथकाने दिलेली चिठ्ठी दप्तरातून काढून वाचा.