ओटीपी बघायला गेलं की अर्ज कोरा का होतो? समजून घ्या कमी रॅमच्या फोनचं गणित

अर्ज भरत आणला. नाव, गट नंबर, खाते क्रमांक सगळं टाकून झालं. ओटीपी आला म्हणून मेसेज उघडला आणि परत आलं, तर अर्ज पुन्हा पहिल्या पानावर! पिकाचा फोटो काढायला कॅमेरा उघडला तरी कधी कधी हाच अनुभव येतो. मग घरातली पोरं म्हणतात, ‘तुम्हाला फोन वापरता येत नाही.’

दरवेळी चूक वापरणाऱ्याची नसते. कधी नेटवर्क जातं, कधी अर्जाची वेळ संपते. पण स्वस्त किंवा जुन्या फोनमध्ये बऱ्याचदा खरं कारण असतं ते कमी रॅम. रॅम कमी असेल तर फोन कसा चालवायचा, याचा एक मोठा प्रयोग भारतातच विकल्या गेलेल्या फोनवर झाला होता. तो समजला की आपल्या फोनचं वागणंही समजतं.

कोठी वेगळी, ओटा वेगळा

फोनमध्ये दोन प्रकारची जागा असते. फोटो, व्हिडिओ, अ‍ॅप साठवायची जागा म्हणजे घरातली कोठी. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. आत्ता जे काम चालू आहे, त्याचंच सामान ओट्यावर असतं. कोठी कितीही मोठी असली तरी ओटा छोटा असेल, तर एका वेळी एकच भाजी चिरता येते. म्हणून फोटो डिलीट केले तरी रॅम वाढत नाही. मात्र कोठी गच्च भरली असेल, तर फोन त्यामुळेही मंदावतो, हे लक्षात ठेवा.

१,९९९ रुपयांचा फोन, १२८ एमबी रॅम

ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्स कंपनीने भारतात ‘क्लाउड एफएक्स’ हा टचचा फोन आणला. किंमत १,९९९ रुपये. रॅम होती फक्त १२८ एमबी. म्हणजे आजच्या ४ जीबीच्या फोनच्या तुलनेत ३२ वा हिस्सा. त्यात मोझिला या संस्थेची ‘फायरफॉक्स ओएस’ ही प्रणाली होती. अँड्रॉइडसारखाच तिचा पाया लिनक्सचा. वरचा सगळा दर्शनी भाग, म्हणजे होमस्क्रीन, डायलर, मेसेज, हे मात्र वेबपेजसारखं बनवलेलं होतं.

या प्रणालीचे २०१३ मधले सुरुवातीचे फोन २५६ एमबीचे होते. तीच प्रणाली निम्म्या रॅममध्ये बसवायची होती. त्यासाठी कामी आलेल्या युक्त्या अशा:

१. दाबून गाठ बांधणे. कापूस मोकळा ठेवला तर खोली भरते, प्रेसमध्ये दाबून गाठ बांधली की कोपऱ्यात मावतो. लिनक्समध्ये ‘झेडरॅम’ नावाची सोय हेच करते. रॅममधली लगेच न लागणारी माहिती दाबून छोटी करते आणि रॅममध्येच ठेवते. पण गाठ बांधायला आणि सोडायला मेहनत लागते. ती प्रोसेसरला करावी लागते, त्यामुळे फोन थोडा अडखळतो.

२. सामाईक भांडी. लग्नकार्यासाठी प्रत्येक घर मोठी पातेली विकत घेत नाही, गावाची सामाईक भांडी असतात. तसंच प्रत्येक अ‍ॅपला लागणारा सारखा भाग फायरफॉक्स ओएसमध्ये एकदाच तयार करून ठेवला जायचा. नवीन अ‍ॅप त्याच्यावरून सुरू व्हायचं आणि फक्त स्वतःचं वेगळं सामान नव्याने मांडायचं. अँड्रॉइडही हीच पद्धत वापरतं.

३. चित्रं लहान करणे. इथे बरीच रॅम वाया जाते. १२ मेगापिक्सेलचा फोटो कोठीत तीन-चार एमबीचा दिसतो, पण पडद्यावर दाखवताना तो उलगडावा लागतो. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले, तर पूर्ण उलगडल्यावर तो ४८ एमबी रॅम खातो. ‘क्लाउड एफएक्स’चा पडदा होता ३२० बाय ४८० ठिपक्यांचा. तेवढ्याच मापाचं चित्र ०.६ एमबीत भागतं. म्हणून छोट्या फोनवर वॉलपेपर, आयकॉन सगळं पडद्याच्या मापाचंच असावं लागतं.

४. कोणाला आधी उठवायचं. एवढं करूनही जागा संपली, तर काहीतरी बंद करावंच लागतं. त्याचा क्रम ठरलेला असतो. समोर उघडलेलं अ‍ॅप सर्वात शेवटी बंद होतं. मागे गाणं वाजवणारं अ‍ॅपही जपलं जातं. होमस्क्रीनलाही मान असतो, कारण ती बंद झाली तर बटण दाबल्यावर पडदा रिकामा दिसतो. सर्वात आधी बंद होतं ते मागे नुसतं थांबलेलं अ‍ॅप.

आणि तिथेच अर्ज कोरा होतो

तुम्ही मेसेज उघडता, तेव्हा अर्जाचं अ‍ॅप मागे जातं. फोनच्या दृष्टीने ते ‘नुसतं थांबलेलं’ असतं. कॅमेरा तर भरपूर रॅम मागतो. जागा कमी पडली की फोन मागचं अ‍ॅप बंद करतो. तुम्ही परत येता, तेव्हा ते पहिल्यापासून सुरू होतं.

यावर उपाय अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या हातातही आहे. अर्धवट भरलेली माहिती जपून ठेवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये असते, ती वापरावी लागते. गावाकडच्या लोकांसाठीचं अ‍ॅप महागड्या फोनवरच तपासलं, तर ही अडचण बनवणाऱ्याला कधी दिसतच नाही.

काटकसरीची मर्यादा

‘क्लाउड एफएक्स’ चालला, पण लोकांना पुरला नाही. त्यावर ३जी नव्हतं. कंपनीचं अधिकृत व्हॉट्सअ‍ॅप फायरफॉक्स ओएसवर कधी आलंच नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने या प्रणालीचे स्मार्टफोन थांबवत असल्याचं जाहीर केलं.

काम मात्र वाया गेलं नाही. त्याच पायावर ‘कायओएस’ उभी राहिली आणि २०१७ मध्ये जाहीर झालेल्या जिओफोनमध्ये ती आली. रॅम ५१२ एमबी, पडदा २.४ इंची. टच काढून बटणं ठेवली, त्यामुळे सगळे मेनू वर-खाली बटणांनी फिरतील असे नव्याने मांडावे लागले. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सअ‍ॅपही आलं. म्हणजे नुसती काटकसर उपयोगाची नाही. लोकांना लागणारं काम त्या छोट्या जागेत बसलं पाहिजे.

तुमच्या फोनवर काय कराल?

• ओटीपी आला की मेसेज अ‍ॅप उघडू नका. पडद्याच्या वरून बोट खाली ओढा आणि तिथेच वाचा. अर्ज समोरच राहतो.

• महत्त्वाचा अर्ज भरण्याआधी फोन एकदा बंद करून चालू करा. व्हिडिओ, गेम उघडे ठेवू नका.

• आधी काढलेला फोटो चालत असेल तर तो अगोदरच काढून ठेवा. आधार, सातबारा, पासबुकची माहिती कागदावर लिहून जवळ ठेवा, म्हणजे अ‍ॅप बदलावं लागत नाही.

• हलणारे वॉलपेपर आणि सजावटीचे लाँचर काढून टाका. ज्या अ‍ॅपची ‘लाइट’ आवृत्ती मिळते, ती घ्या.

• ‘रॅम बूस्टर’, ‘क्लीनर’ अशा अ‍ॅपच्या नादी लागू नका. ती स्वतःच रॅममध्ये जागा अडवतात. त्यांनी बंद केलेली अ‍ॅप पुन्हा सुरू व्हायला उलट जास्त वेळ आणि बॅटरी लागते.

• नवीन फोन घेताना ‘४ जीबी + ४ जीबी रॅम’ असं लिहिलेलं असेल, तर पहिला आकडाच खरा धरा. दुसरा आकडा बहुधा कोठीतून उसना घेतलेला असतो आणि कोठी रॅमपेक्षा बरीच हळू चालते.

पुढच्या वेळी अर्ज कोरा झाला तर आपल्यालाच जमत नाही असं समजू नका. वरच्या गोष्टी करून एकदा पुन्हा भरा. तरीही तेच झालं, तर सेवा केंद्रात किंवा संबंधित कार्यालयात नेमकं सांगा: ‘ओटीपी बघून परत आलो की अ‍ॅप पहिल्यापासून सुरू होतं.’ सोबत फोनचं मॉडेल आणि रॅमही सांगा. ‘अ‍ॅप चालत नाही’ एवढ्या तक्रारीवरून बिघाड सापडत नाही. हे नेमकं वाक्य मात्र दुरुस्ती करणाऱ्याला बिघाडापर्यंत नेऊ शकतं.