अंगणात आलेली शाळा

आपल्या गावात अंगणवाडी आहे. सकाळी पोरंसोरं तिथं जातात, गाणी म्हणतात, खाऊ खातात आणि दुपारी घरी येतात. कुणी म्हणतं, "तिथं शिकवतात तरी काय? नुसता खेळ तर चालतो!" हा खेळ म्हणजे शिक्षण कसे, आणि ही अंगणवाडी कुणी काढली, हे आज आपण समजून घेऊ. त्यासाठी एका बाईंची हकीगत वाचली पाहिजे. त्यांचे नाव ताराबाई मोडक. त्या आई होत्या आणि शिक्षिकाही होत्या.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. त्या काळी मुलीने चार बुके शिकली तरी लोक नवल करीत. ताराबाई १९१४ साली बी. ए. झाल्या. पुढे लग्न होऊन त्या अमरावतीस गेल्या. पण तो संसार फार दिवस टिकला नाही. पदरात लहान मुलगी होती. तिला घेऊन ताराबाई आपल्या पायावर उभ्या राहिल्या. राजकोटला शिक्षिका तयार करण्याचे एक कॉलेज होते. तिथे त्या मुख्य म्हणून काम करू लागल्या.

नोकरी चांगली होती. पण आईच्या मनाला एक काळजी लागली. आपल्या मुलीला शाळेत घालायचे, पण कसल्या शाळेत? त्या वेळच्या शाळा तुम्हांला ऐकून ठाऊक असतील. हाताची घडी, तोंडावर बोट, चुकले की मार. तीन-चार वर्षांचे कोवळे पोर अशा शाळेत घाबरणार नाही तर काय?

त्याच सुमारास गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ एक निराळी शाळा चालवीत होते. गिजुभाई मूळचे वकील. त्यांनाही आपल्या मुलाच्या शिक्षणाची अशीच काळजी पडली होती. त्यांनी इटली देशातल्या मारिया मॉन्टेसोरी या डॉक्टरबाईंचे विचार वाचले. या बाईंनी १९०७ साली रोम शहरातल्या गरीब वस्तीत लहान मुलांसाठी एक घर उघडले होते. मुलाला मारून शिकवू नका, त्याच्या हाताला काम द्या, म्हणजे ते आपले आपण शिकते, असे त्यांचे सांगणे होते. गिजुभाईंनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. ते मुलांत इतके रमत की लोक त्यांना 'मिशावाली आई' म्हणू लागले.

ताराबाई १९२३ साली चांगली नोकरी सोडून भावनगरला गेल्या. तिथे त्यांनी गिजुभाईंबरोबर सुमारे नऊ वर्षे काम केले. पुढे १९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार काढला. तिथे लहान मुले शिकत, आणि शिकवणाऱ्या बायाही तयार होत. सगळे मराठीत चाले.

कुणी म्हणेल, एवढ्यावर झाले की! पण ताराबाईंचे मन तिथे थांबले नाही. शहरातल्या शाळेत सुखवस्तू घरातली मुले येत. खेड्यातल्या, रानातल्या पोरांचे काय? त्यांना बालपण नाही का? वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली, त्या मुंबई सोडून बोर्डी गावी आल्या. हे गाव समुद्रकाठी आहे. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात मोडते. त्यांच्या जोडीला अनुताई वाघ आल्या. अनुताई बालविधवा होत्या. पण रडत न बसता त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. पुढे जन्मभर त्यांनी हे काम केले.

बोर्डीत बालवाडी उघडली. गावातली मुले आली. पण हरिजन वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले येईनात. का येत नव्हती? अंगावर धड कपडा नाही. गावात पाऊल टाकायची भीती. आईबाप मजुरीला गेलेले. मोठ्या पोरीच्या कडेवर धाकटे पोर. मग शाळेत जाणार कोण?

दुसऱ्या कुणी म्हटले असते, "यांना शिकायचंच नाही." ताराबाईंनी तसे म्हटले नाही. मूल शाळेत येत नसेल, तर शाळा मुलाकडे गेली पाहिजे, असे त्यांनी ठरवले. बाई पाड्यावर जायच्या. कुणाच्या तरी अंगणात, झाडाच्या सावलीत मुले जमवायच्या. आधी तोंड धुवायचे, नखे काढायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी.

१९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारली लोकांचे पाडे. तिथे नवी अडचण आली. थोडी मोठी पोरे गुरे राखायला जात. मग शाळा गुरांच्या मागे कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. धाकट्याला सांभाळणाऱ्या पोरीसाठी शाळेलाच जोडून पाळणाघर केले. तान्हे मूल पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली शाळेत. अशी तिघांची सोय एका जागी झाली.

आता खेळाचे बघू. मॉन्टेसोरीबाईंची साधने लाकडाची, रंगीत, महागामोलाची. खेड्यात ती कोण घेणार? ताराबाईंनी आसपास पाहिले. शिंपले, गारगोट्या, चिंचोके, पाने, माती, बांबू. सगळे फुकट! मूल शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावते. त्यात ते डोळ्यांनी मापायला शिकते. चिंचोक्यांच्या पाच-पाचच्या राशी करते. तिथे गणिताचा पाया पडतो. बिया दोऱ्यात ओवते. त्याने बोटे वळायला लागतात.

तुम्ही स्वतःच आठवून पाहा. मोठेपणी पहिल्यांदा हातात पेन्सिल धरली तेव्हा बोटे कशी ताठ झाली होती! नांगर धरणारा, जाते ओढणारा हात तो. पण 'क' काढताना घाम फुटला. ज्या मुलाने लहानपणी बिया ओवल्या, मातीची बैले केली, त्याची बोटे आधीच तयार असतात. ज्याने गाणी म्हटली, गोष्टी ऐकल्या, त्याच्याजवळ शब्दांचा साठा असतो. पहिलीत गेल्यावर ते बावरत नाही. पहिल्याच वर्षी बावरलेले मूल पुष्कळदा शाळाच सोडते. मी उभा जन्म शाळेत काढला. गळणारी मुले पाहिली, त्यांत अशी फार होती.

सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा मान दिला. १९७३ साली त्या वारल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारने देशात ३३ ठिकाणी बालविकासाची मोठी योजना सुरू केली. मुलांना खाऊ, लस टोचणे, तब्येतीची तपासणी आणि खेळातून शिक्षण, हे सगळे एका ठिकाणी आणले. त्या ठिकाणाचे नाव अंगणवाडी. आता ती देशभर गावोगावी आहे.

तेव्हा बायांनो आणि बाप्यांनो, अंगणवाडीतले पोर घरी आले की "आज काय खाल्लंस?" एवढेच विचारू नका. "आज काय केलंस? कुठलं गाणं म्हटलंस?" असेही विचारा. ते सांगू लागले की हातातले काम घटकाभर बाजूला ठेवा आणि ऐका. मूठभर चिंचोके त्याच्यापुढे टाका आणि बरोबर मोजायला बसा. पोरीला धाकट्यासाठी घरी ठेवू नका. ताराबाईंना जी काळजी आपल्या लेकीची वाटली, तीच त्यांना पाड्यावरच्या प्रत्येक लेकराची वाटली. म्हणून शाळा अंगणापर्यंत आली. उंबऱ्याच्या आत ती न्यायची, हे काम मात्र आईबापांचे आहे.