ताऱ्यांच्या कोठारातील खरा साठा

सोन्याचा कस पाहण्यासाठी सराफ दागिना कसोटीवर घासतो. धान्याचा व्यापारी पोत्यातून मूठभर दाणे काढून तळहातावर पारखतो. वस्तू हाती आल्यावाचून तिची परीक्षा होत नाही, हा व्यवहारातील जुना नियम आहे. ताऱ्यांच्या बाबतीत मात्र तो लागू पडत नाही. सर्वांत जवळचा तारा म्हणजे सूर्य. तोही पृथ्वीपासून सुमारे पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे. म्हणूनच ऑग्युस्त काँत या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १८३५ मध्ये असे प्रतिपादन केले, की ताऱ्यांची अंतरे व आकारमाने मोजता येतील, परंतु ते कशाचे बनलेले आहेत हे मनुष्याला कधीही कळणार नाही.

हे विधान फार काळ टिकले नाही. जोसेफ फ्रॉनहोफर या जर्मन भिंगकाराला १८१४ मध्येच सूर्याच्या सप्तरंगी वर्णपटात शेकडो काळ्या रेषा दिसल्या होत्या. त्यांचा अर्थ १८५९ च्या सुमारास हायडेलबर्ग येथे किरखोफ आणि बुन्सेन यांनी उलगडला. ज्योतीत चिमूटभर मीठ टाकले की ती पिवळी होते. हा रंग मिठातील सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक रंगाचाच प्रकाश बाहेर टाकते आणि तोच शोषूनही घेते. सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा म्हणजे त्याच्या वातावरणातील मूलद्रव्यांनी उमटविलेल्या सह्याच होत.

या सह्या वाचताना लोखंड, कॅल्शियम, सोडियम अशी पृथ्वीवरील परिचित नावे आढळली. लोखंडाच्या रेषा तर विपुल होत्या. तेव्हा सूर्य हा पृथ्वीसारख्याच द्रव्याचा, फक्त अतितप्त असा गोळा आहे, असे बहुतेक शास्त्रज्ञांनी मानले. दुकानाच्या दर्शनी फळीवर जो माल मांडलेला दिसला, तोच कोठारातही असणार, असा तो हिशेब होता.

परंतु सगळ्या ताऱ्यांचे वर्णपट सारखे नव्हते. हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्राकडे पाहिले, तर त्याच्या चार पायांपैकी एक तारा तांबूस दिसतो आणि त्याच्या समोरच्या टोकाचा निळसर पांढरा. तांबूस तो काक्षी, निळसर तो राजन्य. काक्षीच्या पृष्ठभागाचे तापमान साडेतीन हजार अंशांच्या आसपास, तर राजन्याचे सुमारे बारा हजार अंश. लोहाराच्या भट्टीतील लोखंड आधी लाल आणि मग पांढरे होते, तसाच हा रंगभेद आहे. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत ॲनी कॅनन यांनी सव्वादोन लाखांहून अधिक ताऱ्यांच्या वर्णपटांची वर्गवारी केली. हे वर्ग द्रव्यभेदामुळे पडतात की केवळ उष्णतेमुळे, हा प्रश्न मात्र उरला.

त्याची किल्ली कोलकात्यात सापडली. मेघनाद साहा हे ढाक्याजवळच्या एका खेड्यातील लहान दुकानदाराचे चिरंजीव. गावात पुढील शिक्षणाची सोय नव्हती. परगावच्या एका डॉक्टरांनी राहण्याजेवण्याची व्यवस्था केली, म्हणून त्यांचे शिक्षण चालू राहिले. १९२० मध्ये त्यांनी दाखवून दिले, की तापमान व दाब यांनुसार अणूंमधील किती इलेक्ट्रॉन सुटे होतील याचे गणित मांडता येते. एखाद्या मूलद्रव्याची रेषा ठळक दिसते ती केवळ त्याचा साठा मोठा असल्यामुळे नव्हे. ती रेषा उमटण्याजोगी उष्णता तेथे असली पाहिजे.

हे गणित हार्वर्ड येथील वर्णपटांना लावण्याचे काम सेसिलिया पेन या इंग्रज तरुणीने हाती घेतले. केंब्रिजमध्ये तिचे शिक्षण पूर्ण झाले होते. पण तेथे तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसत. १९२३ मध्ये ती अमेरिकेस गेली. तिच्या हिशेबातून असे निघाले, की जवळजवळ सर्व ताऱ्यांचे द्रव्य सारखेच आहे. फरक आहे तो उष्णतेचा. त्याहून विलक्षण निष्कर्ष पुढचा होता. सूर्याच्या साडेपाच हजार अंशांत हायड्रोजनच्या अब्जावधी अणूंपैकी मोजकेच दृश्य रेषा उमटवू शकतात. तरीही त्या रेषा स्पष्ट दिसतात. याचा अर्थ हायड्रोजनचा साठा प्रचंड, धातूंच्या सुमारे दहा लाख पट असला पाहिजे.

हेन्री नॉरिस रसेल हे त्या काळचे थोर अधिकारी खगोलशास्त्रज्ञ. हा निष्कर्ष अशक्य आहे, असे त्यांनी तिला कळविले. पंचविशीतील विद्यार्थिनीपुढे दुसरा मार्ग नव्हता. १९२५ च्या प्रबंधात, हायड्रोजनचे हे प्रमाण बहुधा वास्तव नसावे, असे वाक्य तिने घातले. पण तक्त्यातील आकडे तिने बदलले नाहीत. चार वर्षांनी स्वतः रसेल वेगळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोहोचले आणि आपले आकडे तिच्या आकड्यांशी जुळतात, हे त्यांनी नमूद केले. सेसिलिया पेन यांना हार्वर्डमध्ये पूर्ण प्राध्यापकपद मिळण्यास मात्र १९५६ साल उजाडावे लागले.

हायड्रोजनचा हा साठा कळल्यामुळेच ताऱ्यांचे आयुष्य उमगले. हान्स बेथे यांनी १९३९ मध्ये ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम कसे होते, ते सविस्तर मांडले. सूर्य दर सेकंदास सुमारे साठ कोटी टन हायड्रोजन खर्च करतो. त्यातील सुमारे चाळीस लाख टन द्रव्य ऊर्जेत रूपांतरित होते. सुमारे ४६० कोटी वर्षे हा व्यय चालू आहे आणि आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल. त्यानंतर सूर्य फुगून तांबडा होईल आणि अखेरीस लहानसा श्वेत बटू होऊन निवत जाईल. काक्षीची गोष्ट निराळी. त्याचे भांडवल सूर्याच्या कितीतरी पट, पण उधळपट्टी त्याहून अधिक. म्हणून जेमतेम एक कोटी वर्षांतच तो अखेरच्या अवस्थेस पोहोचला आहे. पुढे त्याचा स्फोट होईल. अशाच स्फोटांतून विखुरलेले कॅल्शियम माणसाच्या हाडांत आणि लोखंड त्याच्या रक्तात आले आहे.

प्रकाशाची नोंद पहिल्यापासून खरीच होती. फ्रॉनहोफरला दिसलेल्या रेषांमध्ये हायड्रोजनच्याही रेषा होत्या. तिचे योग्य वाचन होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. कारण फळीवरचा माल मोजणे सोपे असते, कोठाराचा अंदाज घेण्यासाठी व्यवहाराचे गणित यावे लागते आणि आलेला आकडा अप्रिय असला, तरी तो वहीत तसाच राहू द्यावा लागतो.