पदकाआधीचा पैसा

१९५२ च्या हेलसिंकीपासून २०२३ च्या बर्लिनपर्यंत सातारा-सांगलीच्या पोरांनी मिळवलेल्या पदकांचा जमाखर्च मांडला, तर पैसा आलेला दिसतो, पण बहुतेक वेळा पदक गळ्यात पडल्यावर. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना ऑलिंपिकला जायला सरकारी मदत मिळेना, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ब्राँझ घेऊन परतलेल्या खाशाबांनी कुस्त्या भरवल्या, स्वतः लढले आणि त्या पैशातून ते घर सोडवलं. ही गोष्ट आपण गुरुभक्तीची म्हणून सांगतो. मला त्यात हिशोब जास्त दिसतो. कुस्तीला स्वतःचं अर्थकारण होतं, म्हणून ते कर्ज फिटलं. आजही यात्रांचा हंगाम सुरू झाला की गावोगाव मैदानं भरतात. यात्रा कमिटी वर्गणी गोळा करते, चिल्ल्यापिल्ल्यांच्या जोड्या रेवड्यांवर नाहीतर शे-पन्नास रुपयांवर लावते, नामवंत मल्लांचं इनाम लाखांत जातं. शे-पन्नासात पोराचा खुराक भागत नाही हे खरं, पण अर्ज, दाखला, शिफारस यांतलं काहीही न मागता त्याच्या हातावर चार पैसे पडतात.

धनुर्विद्येला किंवा वेटलिफ्टिंगला अशी यात्रा नाही. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचला, कारण मजुराच्या या पोराच्या खाण्यापिण्याकडे आधी जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी पाहिलं आणि मग राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीनं त्याला उचललं. साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनमध्ये जगज्जेती झाली. तिच्या कंपाउंड धनुष्यासाठी शिक्षक वडिलांनी कर्ज काढलं होतं. सांगलीत पानटपरी चालवणाऱ्या घरातल्या संकेत सरगरनं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं, सुवर्ण एका किलोनं हुकलं. राज्य सरकारचे तीस लाख जाहीर झाले ते त्यानंतर.

यावर म्हणतात, पैसा मर्यादित आहे, गुण दिसण्याआधी तो कुणावर उधळायचा? शंका रास्त आहे, आणि 'खेलो इंडिया'नं निवडक खेळाडूंना महिना दहा हजार रुपये देऊन तिला काहीसं उत्तरही दिलं. पण त्या निवडीपर्यंत पोचायलाच दोन-तीन वर्षांचा सराव लागतो आणि तो खर्च घरचा. २०१४ पासून कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीतून ग्रामीण खेळांना पैसा देता येतो. फोटोत मात्र पदकवालाच हवा असतो. कॅनडात आइस हॉकी हा असाच खर्चिक खेळ. तिथं जंपस्टार्टसारख्या धर्मादाय संस्था गरीब घरातल्या मुलांची नोंदणी फी भरतात, आणि त्यासाठी घरची मिळकत पाहतात, पदक नाही. दुसरा आक्षेप जिद्दीचा: झळ सोसली म्हणूनच ही पोरं घडली. पण छापून येतात त्या जिंकलेल्यांच्याच कहाण्या. शिक्षकाला पगारावर कर्ज मिळतं. ऊसतोड मजुराला उचल मिळते, ती पोराच्या धनुष्यासाठी नसते.

तालुका क्रीडा संकुलांच्या भिंतींवर आजवर पुष्कळ खर्च झाला. त्याच्या जोडीला शाळेतून उसनं देता येईल असं साहित्य हवं: धनुष्यं, बाण, बारबेल, प्लेटा. आणि यात्रा कमिट्यांनी लाखाच्या एका कुस्तीतले दहा हजार गावातल्या दुसऱ्या खेळाच्या पोरांसाठी बाजूला काढले, तर पहिल्या नंबरचा मल्ल काही मैदान सोडून जाणार नाही.