गेटर-सेटर : साठा कोणी वाचायचा, कोणी बदलायचा?

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये ऑब्जेक्टची माहिती सहसा आतच झाकून ठेवतात. बाहेरच्या कोडला ती वाचू देणारा गेटर आणि बदलू देणारा सेटर. जावामध्ये यासाठी वेगळ्या मेथड लिहितात. सी शार्प आणि पायथॉनमध्ये प्रॉपर्टीची सोय आहे. वापरणाऱ्याला साधे नाव दिसते, आत मात्र कोड चालतो.

उदाहरण धरणाचे घेऊ. बीड जिल्ह्यात सिंदफणा नदीवर माजलगाव धरण आहे. त्याची एकूण क्षमता ४५४ दशलक्ष घनमीटर (दलघमी). त्यात १४२ दलघमी मृतसाठा आणि ३१२ दलघमी उपयुक्त साठा. या धरणाची नोंद ठेवणाऱ्या क्लासमध्ये एकूण साठा, उपयुक्त साठा आणि टक्केवारी हे तिन्ही आकडे स्वतंत्रपणे बदलता आले, तर एक बदलताना दुसरा राहून जाणारच. म्हणून साठवायचा तो फक्त एकूण साठा. तो २९८ दलघमी असेल, तर गेटर मृतसाठा वजा करून १५६ दलघमी उपयुक्त साठा आणि ५० टक्के हे आकडे काढून देतो. आकडा साठवलेला आहे की मोजलेला, हे वापरणाऱ्याला कळायची गरज नाही. बर्ट्रांड मेयर यांनी १९८८च्या ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड सॉफ्टवेअर कन्स्ट्रक्शन’मध्ये हेच तत्त्व मांडले.

सेटरचे काम तपासणीचे. एकूण साठा शून्याखाली जाऊ शकत नाही, म्हणून तसा आकडा नाकारावा. टक्केवारीला मात्र हा नियम लावता येत नाही. साठा १२० दलघमीवर आला, तर टक्केवारी उणे सात होते. उजनीसारख्या धरणाची उन्हाळ्यातली टक्केवारी ‘उणे’ अशीच सांगतात. नियम विषय समजून घेऊनच ठरवावे लागतात. चुकीचा आकडा गुपचूप दुरुस्त करणेही घातक. ४५.४ऐवजी कोणी ४५४० टाकले आणि सेटरने त्याचे ४५४ केले, तर कोरडे पडत चाललेले धरण पूर्ण भरलेले दिसेल. तेथे त्रुटी दाखवून थांबणेच योग्य.

प्रत्येक माहितीला सेटर हवाच असे नाही. क्षमता ऑब्जेक्ट तयार होतानाच द्यावी. गाळामुळे ती घटल्याचे सर्वेक्षणात आढळले, तर त्या नोंदीसाठी वेगळी मेथड ठेवावी. साठ्यालाही थेट सेटर देण्यापेक्षा ‘आवक नोंदव’, ‘विसर्ग नोंदव’ अशा मेथड बऱ्या. साठा ५० दलघमीने घटला एवढ्यावरून पाणी कालव्यात गेले, नदीत सोडले की बाष्पीभवनात उडाले, हे समजत नाही. मेथडच्या नावातून ते समजते.

गेटरने केवळ उत्तर द्यावे, काही बदलू नये. उत्तरासाठी दूरच्या सर्व्हरवरून माहिती आणावी लागत असेल, तर प्रॉपर्टीऐवजी मेथड लिहावी, म्हणजे वेळ लागणार हे वापरणाऱ्याला आधीच कळते.