घरी बनवलेल्या सीएनसी यंत्रासाठी ड्रायव्हर बोर्ड

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या कार्यशाळेत विद्यार्थ्यांनी स्वतः जुळवलेल्या सीएनसी यंत्रावर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या कोरकामाच्या यंत्रावर, एक लाकडी पाटी कोरायला घेतली. अक्षरे सुरेख उतरली. शेवटी शिरोरेषा मारायची, तर ती अक्षरांच्या डोक्यावर न पडता थेट त्यांच्या पोटातून गेली! मुलांनी आज्ञावली पुन्हापुन्हा तपासली. तीत चूक नव्हती. मग एकाने मोटर चालवणाऱ्या छोट्या बोर्डाला बोट लावले आणि चटका बसून झटकन मागे घेतले. चोर तिथे होता.

स्टेपर मोटर पावलापावलाने फिरते. नेहमीच्या वापरातली मोटर एका फेऱ्याला २०० पावले टाकते, म्हणजे एका पावलाला १.८ अंश. संगणकाकडून येणारा इशारा फार दुबळा असतो. त्याबरहुकूम मोटरच्या वेटोळ्यांत खराखुरा विद्युत्प्रवाह सोडतो तो ड्रायव्हर बोर्ड. हा बोर्ड फार तापला की जीव वाचवायला क्षणभर प्रवाह तोडतो, आणि तेवढ्यात पावले चुकतात. साध्या यंत्रात ही चूक संगणकाला उलट कळवणारे कोणीच नसते. तो बिचारा पुढचे इशारे देतच राहतो.

तेव्हा बोर्ड घेताना पहिला प्रश्न प्रवाहाचा, किमतीचा मागाहून. मोटरच्या चिठ्ठीवर दर फेजला किती अँपिअर हे दिलेले असते, ते वाचावे. 'नेमा १७', 'नेमा २३' या आकड्यांवरून ताकद ठरवू नये बरं का. ते नुसते मोटरच्या तोंडाचे माप आहे, १.७ आणि २.३ इंच. ए-४९८८ हा स्वस्त बोर्ड कागदोपत्री २ अँपिअरचा. पण हीट सिंक आणि पंख्याचा वारा नसेल, तर १ अँपिअरच्या आसपासच तो थकतो. डीआरव्ही-८८२५ साधारण दीड अँपिअरपर्यंत निभावतो. आमच्या मोटरी १.७ अँपिअरच्या, बोर्ड ए-४९८८, आणि पंखा बसवलेलाच नव्हता! पंखा लावला, बोर्डावरचा बारीक स्क्रू फिरवून प्रवाह १.२ अँपिअरवर आणला, तेव्हा काम मार्गी लागले. मोटर अशी कमी प्रवाहावर चालवता येते; जोर मात्र त्या मानाने कमी मिळतो.

३ अँपिअरच्या नेमा २३ मोटरला हे दोन्ही बोर्ड नकोत. तिथे डीएम-५४२ जातीचा, धातूच्या कवचातला ड्रायव्हर बरा. तो २० ते ५० व्होल्टवर चालतो. त्याचा ४.२ अँपिअरचा आकडा मात्र शिखराचा आहे. परिणामी मूल्य ३ अँपिअरच. टीबी-६६०० नावाने मिळणाऱ्या बोर्डांबाबत जरा जपून राहावे, कारण त्या नावाखाली आत दुसरीच चिप असलेला मालही विकला जातो.

आता व्होल्टचे. चिठ्ठीवर ३ व्होल्ट लिहिलेल्या मोटरला २४ व्होल्ट कसे द्यायचे, असे शिक्षक बंधू विचारतात. शेतात दारे धरणाऱ्याला हे पटकन कळेल. दारे भराभर बदलायची असतील आणि पाटाला जोर नसेल, तर एकही वाफा पुरता भरत नाही. मोटर वेगाने फिरताना वेटोळ्यांचे तसेच होते. व्होल्ट हा पाटाचा जोर. आणि वाफा भरताच दार बंद करणारा माणूस म्हणजे प्रवाह मर्यादित ठेवणारा ड्रायव्हर. म्हणून अधिक व्होल्ट चालतात, अर्थात बोर्डाच्या मर्यादेत. ए-४९८८ ची मर्यादा ३५ आहे. २४ वर थांबलेले बरे.

पावलाचे १६ किंवा ३२ भाग करण्याच्या सोयीला फार भुलू नये. चाल मऊ होते, आवाज कमी होतो. पण अचूकता काही बत्तीसपट वाढत नाही.

आणि वीज चालू असताना मोटरची तार बोर्डापासून कधीही काढू नये. वेटोळ्यातला प्रवाह एकाएकी तुटून दाब उसळतो, आणि चिप तिथल्या तिथे जळते. आमचे दोन बोर्ड असेच गेले. त्यांतला एक खुद्द माझ्या हातून.