रानातल्या नदीची शाळा आणि ती चालविणारे घर

ज्या पटांगणावर आपण बसलो आहोत तेथून रामकुंड हाकेच्या अंतरावर आहे. तेव्हा पाण्याविषयी नाशिककरांना कोणी काही सांगावे हे थोडे धाडसाचेच. आपल्याकडे पोहणे शिकविण्याची जुनी रीत सर्वांना ठाऊक आहे. कमरेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा, काठावर मामा किंवा थोरला भाऊ उभा राहायचा आणि पोराला विहिरीत लोटून द्यायचे. ह्या शाळेला फी नव्हती, प्रमाणपत्र नव्हते, आणि मास्तर घरचाच होता. आज मी ज्या शाळेविषयी बोलणार आहे तीही एका घराचीच आहे. फरक इतकाच की तेथे विहिरीऐवजी खडकांवर आपटत जाणारी डोंगरी नदी आहे आणि शिकायला येणारे लोक परके, पैसे मोजून राहणारे पाहुणे आहेत.

प्रथम ज्या होडीवर हे सारे उभे आहे ती होडी पाहू. तिचे नाव कायाक. ग्रीनलंड आणि उत्तर अमेरिकेचा बर्फाळ किनारा येथील इन्यूइट लोकांनी ती घडविली. त्या मुलखात झाड उगवत नाही. समुद्राने वाहून आणलेले लाकूड आणि हाडे ह्यांचा सांगाडा पुरुषाने बांधायचा आणि त्यावर सीलचे कातडे घरातल्या स्त्रियांनी शिवायचे. टाका चुकला तर नवरा किंवा मुलगा परत येत नसे. म्हणजे ही होडी मुळातच घराने मिळून केलेली वस्तू आहे. मापही बसणाऱ्याच्या हातापायांवरून घेत. आपण अंगरखा शिवतो तशी ती माणसाच्या अंगावर बेतलेली असे. आत बसल्यावर कमरेभोवती कातडे आवळून घ्यायचे, म्हणजे पाणी आत शिरत नाही, पण सहज बाहेरही पडता येत नाही. होडी उलटली तर काय? त्या थंडगार समुद्रात पोहण्यात अर्थ नसतो. म्हणून वल्ह्याचा फटका आणि कमरेचा हिसका देऊन होडीसकट पुन्हा सरळ होण्याची विद्या त्यांनी काढली. कायाकच्या शाळेत आजही ही कोलांटी हाच मोठा धडा असतो.

युरोपच्या माणसाला ती फार उशिरा आली. हान्स पावलाटा ह्या ऑस्ट्रियन गृहस्थाने वर्णने वाचून प्रयोग केले आणि १९२७ साली ती साधली. गिनो वॉटकिन्स हा तरुण इंग्रज ग्रीनलंडमधील शिकाऱ्यांकडून ती शिकला, आणि १९३२ साली तेथेच एकटा शिकारीला गेला असता बुडाला. विद्या येणे आणि विद्या वेळेला उपयोगी पडणे ह्यांत अंतर असते ते असे.

जर्मनीत १९०७ पासून योहान क्लेपर नावाच्या शिंप्याने घडी घालून पिशवीत मावणाऱ्या कापडी होड्या विकण्यास आरंभ केला आणि नद्यांवर रविवारची गर्दी झाली. अशीच एक घडीची होडी घेऊन ऑस्कर स्पेक हा बेकार जर्मन तरुण १९३२ साली डॅन्यूब नदीत उतरला. फरात नदी, इराणचा आखात, कराची, आपला पश्चिम किनारा, सिलोन, ब्रह्मदेश असे करीत तो १९३९ साली ऑस्ट्रेलियाला पोहोचला. तोवर महायुद्ध पेटले होते, तेव्हा सत्कार राहिला बाजूला, शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याची रवानगी छावणीत झाली! कोकणच्या किनाऱ्याजवळून ही कापडी होडी गेली असणार. पाहणाऱ्या कोळ्यांना काय वाटले असेल ते आपण मनातच पाहावे.

आता १९७२ सालाकडे येऊ. हे साल उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे दुष्काळ उभा राहतो, खडी फोडणाऱ्या बायाबापड्या आणि सुकडी. त्याच साली जगाच्या दुसऱ्या बाजूला खळाळत्या पाण्याचे दैव उघडले. म्यूनिक ऑलिंपिकमध्ये वेगवान प्रवाहातील कायाकच्या शर्यती पहिल्यांदाच झाल्या, ऑग्सबर्ग येथे मुद्दाम बांधलेल्या कालव्यात. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात हेरमान व क्रिस्टा केर्कहोफ ह्या पतिपत्नींनी मॅडावास्का नदीवर ह्या विद्येची शाळा काढली. पुढे ती त्यांच्या कन्येने चालविली. आणि अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात नॅन्टाहाला नदीकाठी पेसन आणि ऑरेलिया केनेडी ह्या दांपत्याने आपला संसार हलविला. ह्या तिसऱ्या घराची कथा मला सर्वांत बोलकी वाटते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो.

पेसन केनेडी अटलांटा शहरात जॉर्जिया टेक ह्या संस्थेच्या ग्रंथालयात नोकरीला होते. पगार बरा, नोकरी पक्की. होरेस होल्डन ह्या त्यांच्या स्नेह्याने हमरस्त्यावरचे एक लहानसे मोटेल विकत घेतले होते. मोटेल, खाणावळ आणि पेट्रोलचा पंप, बस्स. समोर नदी. केनेडींनी मुलाबाळांसह तेथे मुक्काम केला आणि नॅन्टाहाला आउटडोअर सेंटर सुरू झाले. आपल्याकडे एखाद्या ग्रंथपालाने कायमची नोकरी सोडून घाटात खाणावळ काढली, तर सासुरवाडीचे लोक काय म्हणतील?

अशा धंद्यात नदीवर जाणारा माणूस लोकांना दिसतो. धंदा मात्र बव्हंशी स्वयंपाकघरावर उभा असतो. दिवसभर गार पाण्यात भिजलेला पाहुणा संध्याकाळी परततो तेव्हा त्याला ऊन अन्न, कोरडे अंथरूण आणि आपली फजिती ऐकून घेणारे कोणी तरी हवे असते. ते मिळाले तर तो दुसऱ्या वर्षी भावाला घेऊन येतो. तेथील एका उपाहारगृहाला ‘रेलियाज गार्डन’ हे ऑरेलियाबाईंचेच नाव दिले गेले, ह्यात सारे आले.

त्याच १९७२ साली ‘डिलिव्हरन्स’ नावाचा चित्रपट निघाला. चार शहरी मित्र होडीतून रानात जातात आणि भलत्याच संकटात सापडतात, अशी कथा. चित्रण जवळच्या चाटूगा नदीवर झाले आणि धोक्याच्या प्रसंगी एका नटाच्या जागी स्वतः पेसन केनेडी होडीत बसले होते. चित्रपट गाजला आणि परिणाम उलटा झाला. भिऊन लांब राहण्याऐवजी लोक त्याच नदीवर लोटले. ना सराव, ना शिरस्त्राण, ना अंगात तरंगणारे जाकीट. पुढच्या वर्षांत कित्येक जण बुडाले. शाळेची गरज तेथे पुस्तकातून पटली नाही, अशी पटली. शिवाय त्या चित्रपटाने डोंगरातल्या माणसांना रानटी रंगविले. ह्याची तेथील लोकांना चीड आली ती रास्तच होती. अशा मुलखात शहरातून येऊन धंदा मांडायचा म्हणजे नदीआधी शेजारी जिंकावा लागतो.

होल्डन ह्यांच्या चिरंजीवांची हकीकतही येथेच सांगून टाकतो. धाकटे होरेस होल्डन आणि वेन डिकर्ट ह्या जोडीने १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये दोघांच्या होडीच्या शर्यतीत अमेरिकेचे प्रतिनिधित्व केले. पुढे संस्था कामगारांच्याही मालकीची झाली आणि २०१२ साली विकली गेली. घराने उभारलेली संस्था घरातच राहावी असा आग्रह मला फारसा पटत नाही. पण विकत घेणारा स्वयंपाकघरही विकत घेऊ शकतो का, हा प्रश्न राहतोच.

आता पाण्याचा मालक कोण, ह्या गोष्टीकडे वळतो. नॅन्टाहाला हे चेरोकी लोकांनी दिलेले नाव. अर्थ, दुपारच्या सूर्याची भूमी. दरी इतकी खोल की ऊन तळाशी मध्यान्हीच पोहोचते. नदीत पाणी मात्र निसर्गाच्या मर्जीने येत नाही. महायुद्धात अॅल्युमिनियमसाठी वीज हवी म्हणून १९४२ साली वर धरण पुरे झाले. वीज करून सोडलेले पाणी धरणाच्या तळातून येत असल्याने भर उन्हाळ्यातही हात बधिर करते. म्हणजे ‘रानातली नदी’ ही वीजघराच्या वेळापत्रकावर चालते. शेजारच्या ओकोई नदीत तर पात्र वर्षानुवर्षे कोरडेच होते, कारण सारे पाणी लाकडी पाटातून वीजघराकडे नेलेले. १९७६ साली पाट नादुरुस्त झाला, पाणी पात्रात आले आणि होडीवाले धावले. दुरुस्तीनंतर पाणी परत मागण्यात आले तेव्हा मोठा वाद होऊन, बुडालेल्या विजेची भरपाई ठरवून काही दिवस पाणी सोडण्याची तडजोड झाली. १९९६ च्या ऑलिंपिकच्या शर्यती ह्याच ओकोईवर झाल्या.

हे सारे दूरचे वाटते ना? मग रायगड जिल्ह्यात कोलाडला चला. कुंडलिका नदीवर बारमाही राफ्टिंग आणि कायाकिंग चालते. वैशाखात बाकीच्या नद्यांची वाळू तापते तेव्हा हिला लाटा कशा? हे पाणी घाटमाथ्यावरचे, मुळशीच्या जलाशयातले. सुमारे पाचशे मीटर खाली ते नळांतून भिऱ्याच्या वीजघरात पडते. हे वीजघर टाटांच्या कंपनीने १९२७ साली सुरू केले, पावलाटाची कोलांटी साधली त्याच साली! तेथून पाणी कुंडलिकेत येते, आणि ते सकाळी सुटते म्हणून होड्याही सकाळीच सुटतात. परंतु ज्या मुळशीचे हे पाणी, तेथल्या मावळ्यांच्या जमिनी त्या धरणाखाली गेल्या आणि १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, हे आपल्याला विसरता येणार नाही. वर शेत बुडाले म्हणून खाली लाट उठते. कोलाडच्या आसपासची पोरे आज त्या लाटेवर मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन जातात, त्यांच्या घरी भाकरी आणि मासे रांधले जातात. त्यांच्या हाती केवळ वल्हे राहते की धंद्याची मालकीही येते, हे पाहण्यासारखे आहे.

आता शाळेत शिकवितात काय? पहिला धडा पाण्याच्या जोराचा. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. मांडीएवढे पाणी माणसाला पाडते ते ह्यामुळे. दुसरा धडा वाचनाचा. खडकाच्या मागे पाणी उलटे फिरते आणि तेथे निवांत जागा तयार होते. जाणता माणूस ह्या जागेतून त्या जागेत थांबत, पुढचे पाहत उतरतो. पाणी उंचावरून सरळ पडून खाली स्वतःभोवतीच गुंडाळते ती जागा मात्र टाळायची. बंधाऱ्याखालचे पाणी असे असते, दिसायला साधे आणि सोडता न सोडणारे. तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा. वाहत्या पाण्यात पडलात तर उभे राहण्याचा यत्न करू नका. पाय दोन दगडांत अडकतो, प्रवाह पाठीवर लोटतो आणि कंबरभर पाण्यात माणूस बुडतो. उताणे व्हा, पाय पुढे, वाहत्या दिशेला ठेवा आणि बाजूला सरकत काठ गाठा. काठावरच्याने उडी टाकू नये, दोर टाकावा. दर पावसाळ्यात धबधब्यांवर आणि फरशीच्या पुलांवर आपली तरुण माणसे जातात. त्यांतल्या अनेकांना पोहता येत असते. विहिरीचे पोहणे वाहत्या पाण्यात पुरत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

शेवटी आपल्याच जिल्ह्यातले एक नाव घेतो. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे पाण्यासाठी तरसणारे गाव. तेथले दत्तू भोकनळ विहिरी खोदण्याच्या कामावर जात. वडील गेल्यावर २०१२ साली ते सैन्यात भरती झाले आणि तेथे त्यांच्या हाती वल्हे आले. आरंभी त्यांना पाण्याची भीती वाटे. त्यांची होडी कायाक नव्हे. कायाकवाला जायच्या दिशेकडे तोंड करून बसतो, ह्या होडीत पाठ करून बसावे लागते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या होडीत ते तेरावे आले आणि २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. गंगापूरच्या धरणात बोटी आहेत, दारणा आणि वैतरणा फार लांब नाहीत, आणि वल्हे कसे धरावे हे सांगू शकणारा माणूस आता आपल्या जिल्ह्यात आहे.